कम्युनिटी कॉलेजातील ट्रक आणि फोर्कलिफ्ट प्रशिक्षण : एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

अमेरिकेत एका गोदामात चार वर्षे काम केल्यानंतर मी आमच्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात वाहतूक आणि मालहाताळणी विभागाचे दोन अभ्यासक्रम पूर्ण केले. पहिला क्लास ए सीडीएलचा, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रेलर चालवण्याच्या व्यावसायिक लायसन्सचा, बारा आठवड्यांचा. दुसरा फोर्कलिफ्टचा, चार दिवसांचा. प्रवेशाचा विचार करणाऱ्यांना माहितीपत्रकात न सापडणाऱ्या गोष्टी कळाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी नियम समजून घ्यावा. ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदाच क्लास ए लायसन्स काढणाऱ्याला संघराज्य सरकारच्या नोंदणीत नाव असलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच शिकावे लागते. या प्रशिक्षणाच्या लेखी भागात किमान ८० टक्के गुण लागतात. प्रत्यक्ष चालवण्यासाठी मात्र किमान तासांची अटच नाही, विद्यार्थी तयार झाला आहे असे प्रशिक्षकाला वाटणे पुरेसे असते. त्यामुळे नोंदणीकृत असणे एवढ्यावरून संस्थेचा दर्जा कळत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी ‘प्रत्येक विद्यार्थ्याला स्टिअरिंगवर प्रत्यक्ष किती तास मिळतात?’ हा एकच प्रश्न विचारायचा ठरवला तरी चालेल. खासगी संस्थेत मला त्याचे उत्तर गोलमोल मिळाले, तर कॉलेजातल्या प्रशिक्षकांनी मागील तुकडीची हजेरीवहीच समोर ठेवली. माझा निर्णय तिथेच झाला.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल मैदानातल्या सरावात आहे. एका ट्रकमागे तीन विद्यार्थी असत : एक चालवी, दुसरा बाहेर उभा राहून ट्रेलरचा कोन पाही आणि तिसरा बाजूच्या ट्रकवर निघण्यापूर्वीच्या तपासणीचा सराव करी. ५३ फुटी ट्रेलर उलटा घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवले की ट्रेलरचे मागचे टोक उजवीकडे जाते, आणि पहिले दोन आठवडे बुद्धीला समजलेली ही गोष्ट हाताला उमगतच नाही. आमच्या प्रशिक्षकांनी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायला लावला, कारण तळाशी धरलेला हात ज्या बाजूला सरकतो त्याच बाजूला ट्रेलरही जातो. त्या दिवसापासून माझी नव्वद अंशांतली डॉकिंग, म्हणजे काटकोनात वळून ट्रेलर मागे धक्क्याला लावणे, सुधारली. शंका येताच गाडी थांबवायची, खाली उतरायचे आणि मागे जाऊन पाहायचे, हा त्यांचा आग्रह इतका ठाम होता की न उतरता केलेले अचूक पार्किंगही ते मोजत नसत. मला ही शिस्त अत्यंत योग्य वाटली.

तपासणीच्या भागाबद्दल मराठी वाचकांना मुद्दाम सांगायला हवे. परीक्षेत ट्रकचा एकेक भाग हाताने दाखवत त्याचे नाव आणि त्यात काय पाहायचे हे इंग्रजीत मोठ्याने म्हणावे लागते. इंग्रजी वाचता येत असले तरी स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकमधली ढील जुळवणारा भाग), ग्लॅड हँड (ट्रेलरच्या हवेच्या नळ्यांचा जोड), किंगपिन (ट्रेलरखालचा जोडखिळा) ही नावे ओठांवर बसायला वेळ लागतो. मी रोज घरी भिंतीवरच्या चित्रासमोर उभी राहून पंधरा मिनिटे म्हणत असे. एअर ब्रेकच्या चाचणीत तर आकडेही चोख सांगावे लागतात : इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरल्यावर ट्रॅक्टर-ट्रेलरमधील हवेचा दाब एका मिनिटात ४ पीएसआयपेक्षा (दर चौरस इंचावरील पौंड) जास्त उतरता कामा नये. ट्रेलर जोडल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकायचे आणि फिफ्थ व्हीलचे, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या जोडतबकाचे, जबडे किंगपिनभोवती मिटले आहेत का, तबक आणि ट्रेलर यांच्यात फट तर राहिली नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचे. हे वारंवार करून घेणारे शिक्षक लाभले, हे मी भाग्य समजते.

फोर्कलिफ्टचा वर्ग छोटा असूनही तितकाच मोलाचा ठरला. गोदामात इतकी वर्षे पॅलेट हलवूनही उचललेला माल जमिनीलगत ठेवूनच का न्यावा, हे मला कोणी समजावले नव्हते. येथे पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य मिळून होणारा स्थिरतेचा त्रिकोण जमिनीवर खडूने काढला गेला (माल उंच असला की तोल या त्रिकोणाबाहेर सहज जातो आणि यंत्र उलटते), आणि यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता सहसा माल उचलणाऱ्या काट्यांच्या उभ्या पाठीपासून २४ इंचांवर भारकेंद्र धरून दिलेली असते हे दाखवले गेले. भार लांबट असेल, त्याचे केंद्र पुढे सरकले असेल, तर तेच यंत्र तेवढे वजन सुरक्षितपणे उचलू शकत नाही.

आता तक्रारी. माहितीपत्रकात फोर्कलिफ्टच्या वर्गाच्या प्रमाणपत्राला ‘लायसन्स’ म्हटले होते, ते चूक आहे. ओशाच्या (कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) नियमानुसार नोकरी देणाऱ्याने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या यंत्रावर कामगाराची पारख करून त्याला पात्र ठरवावे लागते आणि ही पारख किमान दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. प्रशिक्षकांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. परंतु पैसे तोवर भरलेले होते. दुसरे, कॉलेजचे सर्व ट्रक ऑटोमॅटिक आहेत. अशा ट्रकवर परीक्षा दिली की लायसन्सवर मॅन्युअल गिअरचे ट्रक न चालवण्याचे बंधन येते आणि ही बाब प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवी होती. तिसरे, एक ट्रक नादुरुस्त होताच नऊ दिवस आमचा सराव निम्म्यावर आला, आणि त्याची भरपाई पुढे पूर्णपणे झाली नाही.

खर्चाची बाजू थोडक्यात सांगते. माझ्या वेळी पेल ग्रांट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना संघराज्य सरकारकडून मिळणारी शिक्षणमदत, उपयोगी पडली नाही, कारण जुन्या नियमाप्रमाणे अभ्यासक्रम किमान १५ आठवड्यांचा आणि ६०० तासांचा असावा लागे. २०२५ च्या कायद्याने किमान ८ पण १५ पेक्षा कमी आठवड्यांच्या पात्र अभ्यासक्रमांसाठी १ जुलै २०२६ पासून या मदतीची तरतूद केली आहे. मला बहुतेक फी सरकारी रोजगार केंद्रामार्फत मिळाली, म्हणून तेथे आधी चौकशी करावी. फुकट शिकवून त्या बदल्यात ठरावीक काळ आपल्याकडेच काम करण्याचा करार मागणाऱ्या कंपन्यांपेक्षा मला हा मार्ग अधिक पसंत आहे, कारण लायसन्स हातात आल्यावर मी तीन ठिकाणी मुलाखती देऊन रोज रात्री घरी परतता येईल अशी नोकरी निवडू शकले.

परमिट, म्हणजे शिकाऊ परवाना, मिळाल्यावर कौशल्य परीक्षेपूर्वी १४ दिवस थांबावेच लागते, त्यामुळे वैद्यकीय तपासणी आणि परमिटची लेखी परीक्षा वर्ग सुरू होण्याआधीच उरकून घ्यावी. आणि फी भरण्यापूर्वी एकदा सरावाच्या वेळी मैदानावर जाऊन उभे राहावे, किती ट्रक चालू आहेत आणि किती विद्यार्थी नुसतेच वाट पाहत आहेत, ते स्वतः मोजावे.