जोडीतलं मांजर गेलं: थांबायचं, पिल्लू आणायचं की मोठं मांजर?

घरातल्या दोन मांजरांपैकी एक गेलं की आठ-दहा दिवसांत कुणीतरी पिशवीतून पिल्लू घेऊन दारात येतं. "घ्या, त्याला सोबत होईल." परभणी असो, लातूर असो की एखादं खेडं, हे सगळीकडे घडतं आणि त्यामागची माया खरी असते. पण मागे राहिलेल्या मांजराला सोबत हवी आहे का, हे त्याच्याच वागण्यावरून ठरवायला हवं. घर आपल्याला सुनं वाटतं म्हणून पिल्लू आणलं, तर त्याचा भार त्या मांजरावर पडतो.

काहीही ठरवण्याआधी त्याचं खाणं बघा. मांजर दुःखात आहे असं समजून दोन-तीन दिवस उपाशी राहू देऊ नका. मांजराचं पोट इतका वेळ रिकामं राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि त्यातून जिवावर बेतू शकतं. जाड मांजराला हा धोका जास्त. एक दिवस पूर्ण उपाशी गेला की डॉक्टरांना दाखवा. जनावरांच्या दवाखान्यात मांजर बघणारे डॉक्टर भेटले नाहीत, तर मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा. पहिलं मांजर विष खाल्लेला उंदीर खाऊन किंवा साथीच्या रोगानं गेलं असेल, तर दुसऱ्याचं मलूल बसणं हे त्याच आजाराचं लक्षण असू शकतं. बोका लघवीसाठी वारंवार जोर करत असेल आणि थेंबही येत नसेल, तर सकाळपर्यंतसुद्धा थांबू नका.

तब्येत ठीक असेल तर मग त्या दोघांचं नातं कसं होतं ते आठवा. एकमेकांना चाटायची का? अंगाला अंग लावून झोपायची का? की एक माळवदावर, दुसरं न्हाणीच्या कोपऱ्यात, आणि भेट फक्त ताटलीपाशी? 2024 साली अमेरिकेतल्या ओकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी चारशेहून जास्त मांजरपाळ्यांना विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं सोबत्याशी चांगलं जमत होतं, त्या मांजरांचं खाणं, झोप आणि खेळणं जास्त कमी झाल्याचं त्यांच्या माणसांनी सांगितलं. घरची माणसं स्वतःचंच दुःख मांजराच्या वागण्यात बघत असतील, अशी शक्यताही संशोधकांनी त्यात मांडली आहे. मला ती पटते. पण घरातलं रडणं आणि चुकलेल्या जेवणाच्या वेळा मांजरालाही जाणवतातच.

थांबणं

बहुतेक घरांना मी आधी हेच सांगेन. कुत्र्या-मांजरांवरच्या 2016 सालच्या एका पाहणीत सोबती गेल्यानंतरचे बदल बहुधा सहा महिन्यांच्या आत ओसरल्याचं पाळणाऱ्यांनी नोंदवलं होतं. मांजरांच्या बाबतीत ओरडणं वाढल्याची तक्रार बरीच होती. रात्री दारोदार फिरत हाका मारणारं मांजर ऐकवत नाही, पण त्यावर लगेच दुसरं मांजर हा उपाय नाही.

थांबायचं म्हणजे त्याला एकटं टाकायचं नाही. जेवण रोज त्याच वेळी द्या. गेलेल्या मांजराची गोधडी लगेच धुऊ नका, वास हळूहळू जाऊ द्या. संध्याकाळी सुतळीला चिंधी बांधून थोडा वेळ खेळवा. दूध-भाकरीवर वाढलेलं मांजर आता तोंड लावत नसेल, तर कोमट पाण्यात भिजवलेली बिनमिठाची सुकट किंवा उकडलेल्या कोंबडीचे तुकडे देऊन बघा. वासानं भूक लागते. दोघांचं नुसतं एका घरात निभावत होतं, अशा घरात कधी उलटंच दिसतं. दबून राहिलेलं मांजर आता ऐसपैस पसरतं, मांडीवर येतं. तिथे तर नवं मांजर आणण्याचं काही कारणच उरत नाही.

पिल्लू

पिल्लाच्या बाजूनं एक गोष्ट भक्कम आहे. मोठं मांजर त्याला हद्दीतला दावेदार सहसा मानत नाही, त्यामुळे मारामारी कमी होते. घरचं मांजर दोन-चार वर्षांचं, खेळकर आणि आधी सोबतीत रमलेलं असेल, तर पिल्लू चांगला पर्याय आहे. पण दहा-बारा वर्षांच्या, सांधे धरलेल्या मांजराच्या शेपटीवर दिवसभर पिल्लानं झडप घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हाताऱ्या मांजराच्या घरात पिल्लू आणायचंच असेल, तर दोन आणणं बरं. ती आपापसात खेळतात आणि म्हाताऱ्याला निवांत बसू देतात. खर्च मात्र दुप्पट होतो.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नका. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं द्याव्या लागतात. आणि जे मांजर गेलं ते पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य, जीवघेण्या साथीच्या रोगानं गेलं असेल, तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात आणूच नका. तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो. फरशीवर फिनाईल ओतून भागत नाही, उलट फिनाईल मांजरांना विषारी आहे. ब्लीचचं पातळ पाणी चालतं, वापरल्यावर फरशी नीट धुऊन वाळू द्या.

मोठं मांजर

स्वभाव आधीच माहीत असतो, हा याचा मोठा फायदा. बदली झालेल्या ओळखीच्या कुटुंबाचं, दुसऱ्या मांजरासोबत राहिलेलं, नसबंदी झालेलं मांजर मिळत असेल तर म्हाताऱ्या मांजरासाठी ते पिल्लापेक्षा उजवं. पण जुळायला आठवडे, कधी महिने लागतात. नसबंदी न झालेले दोन बोके एका घरात ठेवू नका.

मराठवाड्यातल्या वाड्यांत आणि गल्ल्यांत आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे आधीपासून अंगणात येणारं मांजर. एक मांजर गेलं की त्याची हद्द मोकळी होते आणि शेजारचे बोके आत शिरू लागतात. तुमचं मांजर लपून बसतंय ते कदाचित यामुळेही असेल. पण येणाऱ्याशी त्याचं आधीच बरं असेल, दोघं एका पत्र्यावर शांत बसत असतील, तर त्याची नसबंदी, लसी आणि तपासणी करून त्यालाच घरचं करणं मला सगळ्यात समजूतदार वाटतं.

पिल्लू असो की मोठं, पहिले दहा-पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. एकाचं फडकं दुसऱ्याच्या जागी ठेवून वासाची ओळख होऊ द्या. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवू घाला, आणि फुसकारणं थांबल्यावरच दार किलकिलं करा. ताटल्या, पाणी आणि मातीची ट्रे वेगवेगळी हवी. ही वेगळी खोली आपल्याकडे बहुधा वरची पत्र्याची असते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या वर जातो तेव्हा त्या खोलीत मांजर कोंडणं म्हणजे त्याला मारणं आहे. खाली गार खोली नसेल, तर पाऊस सुरू होईपर्यंत बेत पुढे ढकला.

आणि आणण्याआधी देणाऱ्याशी स्पष्ट बोलून घ्या, की जमलं नाही तर परत घ्याल का. तो नाही म्हणाला तर दुसरं कोण सांभाळेल, हे आधी ठरवा. न जमलेलं मांजर पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येतात. तिथे ते पाण्यावाचून आणि कुत्र्यांच्या तोंडी मरतं. ही तयारी नसेल, तर थांबण्याचाच पर्याय निवडा.