लाईट आली आणि कॉम्प्युटर गेला: आठ महिन्यांनंतरचा हिशेब

जूनमधल्या त्या सोमवारी रात्री आमच्याकडे लाईट तीनदा गेली आणि तीनदा आली. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर हे काही नवीन नाही. तारेवर माडाचे चुडत पडते, लाईनमन भिजत येतात, आपण मेणबत्ती शोधतो. पण तिसऱ्या वेळी लाईट आली ती विचित्रच. स्वयंपाकघरातला साधा पिवळा बल्ब डोळे दिपावेत एवढा पेटला, पंखा वेड्यासारखा फिरू लागला आणि आतल्या खोलीतून ‘फट्ट’ असा आवाज आला. मागोमाग करपलेल्या मासळीसारखा वास. सोमवार असल्यामुळे घरात मासळीचा तुकडा नव्हता, म्हणून सासूबाईच आधी म्हणाल्या, “अगो, काहीतरी जळले.”

जळला होता कॉम्प्युटर. तो मी संध्याकाळीच शट डाऊन केला होता, त्यामुळे आधी विश्वासच बसेना. पण भिंतीवरचे बटण चालू ठेवले तर पडदा काळा झाला तरी आतल्या एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटणाऱ्या डबीला, वीज मिळत राहते. मदरबोर्डसाठी 5 व्होल्टचा एक धागा तो सतत जागा ठेवतो. हे मला पन्नाशीत कळले. दुसरी कबुलीही देऊन टाकते. माझ्या यूपीएसची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेली होती आणि ‘नंतर बघू’ म्हणत मी कॉम्प्युटर लाल दिव्याच्या स्पाईक गार्डवर (प्लगच्या पट्टीवर) लावला होता. त्या पट्टीतला भाग क्षणभराचा झटका झेलतो. व्होल्टेज मिनिटभर चढेच राहिले तर त्याचा काही इलाज चालत नाही. आणि झटके झेलून तो आतल्या आत संपला, तरी बहुतेक पट्ट्यांचा लाल दिवा ऐटीत चालूच राहतो.

कॉम्प्युटर जुना, नवा घेता आला असता. पण त्यात गावच्या काल्याच्या, म्हणजे देवळाच्या उत्सवातल्या, नाटकाची संहिता होती. मंडळीतल्या एका आजोबांच्या फाटक्या वहीवरून मी तीन महिने टाईप केलेली, तिन्ही अंक. दुसरीकडे प्रत नाही. (टीचर म्हणून आयुष्यभर मुलांना “दोन वह्या करा” सांगत आले!)

पहिल्यांदा म्हापशातल्या एका दुकानात नेला. तिथे आठ दिवस ठेवून घेतला, तपासणीचे 300 रुपये घेतले आणि “मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्कही गेली, नवा घ्या, अठरा हजारात बसवून देतो” असे सांगितले. डब्याचे स्क्रू पाहिले तर त्यांवरची धूळ जशीच्या तशी. न उघडता निदान करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, पण त्यांनी निदान नाडी तरी धरली होती.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने साखळी शहरातल्या एका मुलाचे नाव सुचवले. पत्र्याच्या खोलीत टेबल, त्यावर उघडलेले चार कॉम्प्युटर. “टीचर, भियेनाकात,” म्हणाला आणि माझ्यासमोरच डबा खोलला. एसएमपीएस बाहेर काढला, त्याच्या जाड जुडग्यातली हिरवी आणि काळी तार एका वायरच्या तुकड्याने जोडली. पंखा हलला नाही. मग स्वतःकडचा चालू एसएमपीएस लावला, आणि मेला म्हणून सांगितलेला मदरबोर्ड जिवंत! मला खुर्ची शोधावी लागली. जुन्या एसएमपीएसमध्ये एक काळीठिक्कर चकती आणि उडालेला फ्यूज त्याने दाखवला. ही दोघे आधी मेली म्हणून बोर्ड वाचला.

हार्ड डिस्क मात्र फिरत नव्हती. तिच्या खालच्या हिरव्या पट्टीवर संरक्षणासाठी बसवलेला तांदळाएवढा डायोड असतो; जास्त व्होल्टेज आले की तो शॉर्ट होऊन डिस्कला वाचवतो. त्याने मीटर लावून खात्री केली, तो डायोड उचकटून काढला आणि बजावले की आता डिस्कला कवच नाही, तेव्हा एकदाच चालवायची, सगळे दुसरीकडे उतरवायचे आणि ठेवून द्यायची. डिस्क फिरली. तिन्ही अंक सुखरूप आले. प्रत्येक डिस्कचे एवढे नशीब नसते, हेही त्यानेच सांगितले.

बिल असे झाले: 450 वॉटचा एसएमपीएस 2,700, 500 जीबीची एसएसडी (न फिरणारी नवी डिस्क) 3,400, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल 40, डिस्कचे काम 500, मजुरी 800. एकूण 7,440 रुपये. सेल मी मागितला नव्हता, पण तारीख 2010 सालावर गेली होती, आणि तारीख चुकीची असली की बँकेची साईट उघडतच नाही.

आता आठ महिन्यांचा अनुभव. एसएसडीमुळे जुना कॉम्प्युटर चहा उकळायच्या आत सुरू होतो, आधी आंघोळ होऊन यायची. एसएमपीएसचा पंखा घरघरतो. रात्री शांततेत कानाला लागतो. ऑगस्टमध्ये एकदा पडदा काळा आणि आतून नुसते बीप बीप. मी घाबरले, साखळीच्या मुलाने फोनवरच रॅमची (मेमरीची) पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासायला लावले. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांवर थर चढतो. पुन्हा बसवली, चालू. या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले नाहीत, म्हणून चवथीला (गणपतीत) नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा पाठवला.

पण खरा फरक पडला तो घरच्या वायरिंगमुळे. शेजाऱ्यांचा इलेक्ट्रिशियन आला तेव्हा त्याने त्या रात्रीचा उलगडा केला: ट्रान्सफॉर्मरकडचा न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेचा) जोड सैल झाला होता. तसे झाले की ज्या फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) लोड कमी, त्या घरांत व्होल्टेज 230 वरून थेट 400 च्या दिशेने चढते. आमच्याकडे एक बल्ब, एक पंखा. पलीकडच्या वाड्यावर एसी चालू, तिथे त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. राऊटरचा अडॅप्टर आणि फ्रीजचा स्टॅबिलायझर आमचे त्याच रात्री गेले. टीव्हीचा प्लग विजांच्या भीतीने काढलेला, तो वाचला.

अर्थिंगही नावापुरतेच निघाले. विहिरीजवळच्या खड्ड्यातली तार गंजून तुटलेली. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की मुंग्या यायच्या, त्या मी वर्षानुवर्षे ‘असतेच’ म्हणून सोडून दिल्या होत्या. नवा पाईप पुरला, कोळसा-मीठ घातले. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे काम आता सासऱ्यांकडे आहे. मुंग्या गेल्या.

मीटरनंतर एक व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला, मजुरीसकट 2,300. व्होल्टेज 270 च्या वर किंवा 170 च्या खाली गेले की तो घराची वीज तोडतो आणि ठीक झाल्यावर तीन मिनिटांनी जोडतो. कुणी विचारले तर मी यूपीएसच्या आधी हाच घ्यायला सांगेन. त्याचा जाच नाही असे नाही. चवथीच्या संध्याकाळी वाड्यावर सगळीकडे रोषणाई, व्होल्टेज 165, आणि ऐन आरतीत आमचे घर काळोखात. घुमटाचे वादन थांबले नाही, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांखाली) समईच्या उजेडात आरती पुरी झाली, पण जाऊबाईंनी प्रोटेक्टरला उद्देशून जे काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

नवा यूपीएस 600 व्हीए क्षमतेचा, 3,100 रुपयांचा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून दहा-बारा मिनिटे ओढतो, फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. मी एकदा लावला, पहिले पान गरम करतानाच यूपीएसने मान टाकली.

नाटक गेल्या महिन्यात झाले. संहिता आता पेनड्राईव्हवर आहे, मुलीच्या लॅपटॉपवर आहे आणि मंडळाच्या कपाटात छापूनही आहे. कॉम्प्युटरचे पुढचे दोन यूएसबी मात्र त्या रात्रीपासून मेलेलेच. तेवढ्यासाठी साखळीला जावे की नाही, हे अजून ठरत नाही. तोवर माऊस मागून जोडलेला आहे आणि त्याची तार टेबलावर वीतभर कमी पडते.