‘12 नॉटने धावते’ सांगून गळ्यात मारलेली होडी

लाज वाटते, तरी लिहितोय. होडी विकणारा तो माणूस 12 नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर) हीच थाप उद्या आणखी कुणाला मारणार. सौदा कसा उरकतात ते तुम्हाला ठाऊकच आहे: “दोघं बघून गेलेत, आजच इसार द्या.” मी 30 टक्के इसार दिला. होडी 32 फुटी, वजन 5 टन, खाली लोखंडी कील, म्हणजे तळाखाली लटकणारा जड कणा. तसल्याच दुसऱ्या होड्यांपेक्षा भाव 22 टक्के चढा, शिवाय तळाशी मागे बसवलेल्या पाचरी आणि मोठी शिडं यांचे 9 टक्के वेगळे. त्यामुळे म्हणे ती पाण्यावर उचलली जाऊन प्लेनिंग करते, म्हणजे पाणी कापत न जाता पृष्ठभागावरून घसरत धावते.

मी अगदीच अडाणी नव्हतो. 1928 साली इंग्लिश होडी-रचनाकार उफा फॉक्सची 14 फुटी ‘अ‍ॅव्हेंजर’ प्लेन करत शर्यती जिंकत होती, हे मला माहीत होतं. म्हणून तर विश्वास बसला. पण ती हलकी डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी. लोखंड लटकवलेली 5 टनांची होडी नव्हे.

चाचणीच्या दिवशी जीपीएसवर 8.9 नॉट दिसले. “बघा साहेब!” मी आकडा बघत बसलो, पाणी बघितलंच नाही. एक लाट पुढच्या टोकाशी, दुसरी मागच्या टोकाखाली, मधल्या खळग्यात होडी रुतलेली, मागचा भाग दबलेला. प्लेन करणारी होडी आपली लाट मागे टाकते, पाणी मागून सपाट सुटतं. इथे ती स्वतःच्याच लाटेत अडकली होती, माझ्या डोळ्यांदेखत! त्यात आम्ही ओहोटीच्या ओढीबरोबर चाललेलो, म्हणजे जीपीएसच्या आकड्यात वाहत्या पाण्याचा वेगही मिसळलेला. परतताना “उशीर होतोय” म्हणत त्यानं शिडं उतरवून इंजिन लावलं. तेव्हाच त्याला अडवायला हवं होतं. रात्री झोप मोडते ती याच आठवणीनं.

नंतर मीच मोजलं. जाताना 8.8, त्याच वाऱ्यात उलट येताना 4.1, सरासरी 6.45. पाण्याच्या रेषेवरची लांबी 25 फूट. अशी जड होडी स्वतःच्या लाटेत अडकते तो वेग काढायचा ठोकताळा आहे: फुटांतल्या या लांबीचं वर्गमूळ गुणिले 1.34. इथे वर्गमूळ 5, म्हणजे 6.7 नॉट. विकणारा 32 फूट सांगेल, तुम्ही पाण्यातली लांबी टेपनं मोजा. शिडं वाढवली तर होडी कलते आणि मागून आणखी दबते, एवढंच.

तक्रार नेली तर पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रार कार्यालयानं तीन खेपा घालायला लावल्या, तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, “वेग वाऱ्यावर अवलंबून असतो.” अहो, 6.7 ची मर्यादा होडीच्या लांबीची आहे, वाऱ्याची नाही! कागदावर लिहून दाखवलं, त्यांनी कागद परत सरकवला. होड्या तपासून देणाऱ्या तपासणीसानं पूर्ण फी घेतली आणि म्हणाला, मी मजबुती बघतो, वेग नाही. 12 नॉट लेखी दिलेत का, हे मात्र तिघांनीही विचारलं. नव्हते. तुम्ही लेखीच घ्या, आणि चाचणी दोन्ही दिशांनी, शिडांवरच. लाटेच्या उतारावरून घसरताना दिसलेला आकडा धरू नका, तो क्षणभराचा असतो.

आता होडी विकायला काढली आहे. जाहिरातीत वेग 6.5 नॉट लिहिलाय. अजून कुणी विचारलेलं नाही.