सां जासिंतोच्या पुलाजवळची खाणावळ: तिसऱ्या (शिंपल्या) चांगल्या, इसवण (सुरमई) विचारून जा

गोव्यात वास्कोहून चिखलीमार्गे जुन्या रस्त्याने कुठ्ठाळीकडे निघालं की डाव्या हाताला जुवारी नदीच्या पाण्यात झाडीने भरलेली एक टेकडी दिसते. तेच सां जासिंतो बेट. छोटासा पूल, पलीकडे पाण्याच्या काठावर पांढरं कपेल, म्हणजे छोटं चर्च, टेकडीवर जुना दीपस्तंभ. पुलाच्या अलीकडे एका घराच्या सोप्यावर चार टेबलं मांडलेली आहेत. पाटी नाही. नाव लिहू नका, गर्दी झेपणार नाही, असं मालकीणबाईंनी सांगितलं आहे, म्हणून लिहीत नाही. कोणालाही विचारा, दाखवतील.

मला तिथे माझा जुना विद्यार्थी घेऊन गेला. वास्कोत मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यातला हा एक. वडील बंदरात कामाला होते, हा नौदलात गेला. रजेवर आला की भेटायला येतो. "बाई, तुम्ही इतकी वर्षं त्या पुलावरून बघताय, एकदा जेवायला तर चला," म्हणाला. गुरुवार होता, साडेबाराची वेळ.

आधी जेवणाबद्दल. तिसऱ्यांचं सुकं मी माझ्या आईच्या हातचं खाल्लंय, त्यामुळे सहज कोणाला चांगलं म्हणत नाही. हे चांगलं होतं. तिसऱ्या त्याच सकाळी चिखलीच्या खाडीतून काढलेल्या. मालकीणबाई आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून एकेक शिंपला फोडत होत्या, मांस असलेली शिंपी टोपात, रिकामी बाजूच्या पाटीत, आणि फोडताना निघालेलं खारं पाणी गाळून त्याच सुक्यात. त्यामुळे वर मीठ जवळजवळ घालावंच लागत नाही. खोबरं ताजं, कांदा परतून गोड झालेला. रेशाद, म्हणजे आंबट-तिखट लाल मसाला भरलेला, बांगडा तर मी दुसरा मागवला. मसाल्यातला व्हिनेगर बाजारचा नाही, माडाच्या सुरेचा. घरातले आजोबा रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे, होते, अजूनही सूर काढली जाते. बाजारच्या व्हिनेगरने घशाला बसतो तसा चटका इथे नाही, आंबटपणा मागाहून हळूच येतो. उकड्या तांदळाचं शीत, वर कडी, लोणच्याला बिंबलं. जेवण दोनशेच्या आत.

उणं सांगायचं तर शीत दोनदा मागितल्यावर आलं, हात धुवायची जागा बाहेर उन्हात आहे, आणि फोनवरून पैसे घेत नाहीत. पुलाजवळ गाडी वळवायला जागा कमी, रस्त्याकडेलाच लावा.

मी इसवण मागितली होती. बाई म्हणाल्या, "आयज इसवण ना. भायर फायरिंग आसा. तिसऱ्यो खा." हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

समुद्रात नौदलाचा गोळीबाराचा सराव असला की आधी सूचना निघते, अमुक वेळेत अमुक भागात जाऊ नका. ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो भाग अक्षांश-रेखांशात दिलेला असतो. जीपीएसवाल्या ट्रॉलरला तो पडद्यावर दिसतो. या घरातला मुलगा लहान होडी घेऊन जातो, आणि त्याची जागा ठरते ती दीपस्तंभ आणि मागची टेकडी एका रेषेत आणून. आकड्यांची चौकट त्याच्या समुद्रावर कुठे बसते, हे त्याला सांगणारं कोणी नाही. मग तो धोका पत्करत नाही, घरीच राहतो. चौकट कदाचित त्याच्या जागेपासून कोसभर लांब असेल. त्याचा दिवस गेला, आणि सोप्यावर इसवण नाही.

माझा विद्यार्थी गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, आम्हाला आकडेच लागतात, नाहीतर चूक होईल." तेही खरंच. पण आकड्यांखाली दोन ओळी कोंकणी-मराठीत लिहायला काय हरकत आहे? अमुक टेकडीच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून इतकं लांब, संध्याकाळी इतके वाजेपर्यंत. ती सूचना पंचायतीच्या फळ्यावर आणि कपेलाच्या दाराशी लावावी. शाळेत भूगोल शिकवताना मी कधी आधी अक्षांश शिकवले नाहीत. आधी मुलाला त्याच्या घराची दिशा विचारायची, मग नकाशा.

दाबोळीचा नौदलाचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ १९६४ मध्ये कोइम्बतूरहून इथे आला. सकाळचे तास नौदलाच्या उड्डाणांचे. आम्ही बसलो होतो तेव्हा दोन मिग एकामागून एक गेली. बाई काहीतरी सांगत होत्या. आवाज आला तसं त्यांचं बोलणं थांबलं, हातातला शिंपला आदोळीच्या पात्याला टेकलेला तसाच राहिला, आणि आवाज गेल्यावर वाक्य जिथे तुटलं होतं त्याच शब्दापासून त्यांनी पुढे सुरू केलं. आम्हा वास्कोकरांना विमानाची सवय आहे, पण वर्गात मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. त्यांना तेवढंही लागत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये याच बेटाचं नाव देशभर गाजलं. नौदलाने तिथे झेंडा फडकवायचं ठरवलं, काही रहिवाशांनी हरकत घेतली आणि बेटावर देशद्रोहाचा ठपका येऊ लागला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. भीती झेंड्याची नव्हतीच. त्याच वर्षी मोठ्या बंदरांचा नवा कायदा झाला होता, आणि आपली जमीन बंदराच्या हद्दीत जाईल या धास्तीने माणसं बिथरली होती. आधी येऊन कोणी बसलं असतं, अशाच टेबलावर जेवलं असतं, तर एवढं झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

याच वास्कोत नौदलाच्या आयएनएस गोमंतक तळावर स्मारक आहे, १९६१ च्या डिसेंबरात अंजदीव बेट घेताना पडलेल्या सात नौसैनिकांचं. मी दरवर्षी मुलांना ती गोष्ट सांगायचे आणि दरवर्षी माझा आवाज भरून यायचा. त्यामुळे हे मी कोणाच्या विरुद्ध लिहीत नाही. किनारा राखायच्या 'सी व्हिजिल' या सरावात २०१९ पासून मच्छीमारांनाही सामील करून घेतात, त्यांना किनाऱ्याचे डोळे आणि कान म्हणतात. डोळे-कान म्हणायचं तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर एक मासेमारी नौका आपल्याच पाणबुडीवर आदळली. १३ जणांपैकी ११ वाचले. ती बातमी आली त्या दिवशी बाईंचा मुलगा समुद्रात होता. चूल पेटवली नाही त्यांनी, फोन लागेपर्यंत.

सोप्यावर दुसऱ्या टेबलाला साध्या कपड्यातले दोघे जवान जेवत होते, बोलण्यावरून सिंधुदुर्गाकडचे. बाईंनी त्यांच्या ताटात न मागता एकेक बांगडा जास्त टाकला. पैसे घेतले नाहीत त्याचे.

जायचं असेल तर सोमवार टाळा, बंद असतं. रविवारी मिसा (चर्चमधली प्रार्थना) सुटल्यावर उघडतं. तिसऱ्या हव्या असतील तर बाराच्या आत पोहोचा, आणि इसवण हवी असेल तर आदल्या संध्याकाळी जाऊन विचारा, उद्या होडी जाणार आहे का.