ज्या फ्रिजला कॉम्प्रेसरच नसतो, त्याचा कॉम्प्रेसर गेला म्हणून माझे १,१०,५०० रुपये गेले

गाडीतला फ्रिज बदलून देणाऱ्या इंदूरच्या एका गाळेवाल्याला दिलेली रक्कम आधीच सांगतो. १,१०,५०० रुपये. २५,००० ॲडव्हान्स यूपीआयने, ५०,००० रोख, उरलेले ३५,५०० गाडी ताब्यात घेताना पुन्हा यूपीआयने. रोख का दिले हे प्रत्येक जण विचारतो, म्हणून तेही सांगून टाकतो. "काका, एवढे रोख द्या, टॅक्सचं मी बघतो," असं तो म्हणाला आणि मी दिले.

मी बँकेत ३४ वर्षं काढली. त्यातली निम्मी लोकांचे कर्जाचे कागद तपासण्यात. त्यामुळे झालेली गोष्ट कुणाला सांगायची लाज वाटत होती. सख्ख्या भावालाही दोन महिने सांगितलं नाही. पण गेल्या आठवड्यात कळलं की टिळकनगरातले ओळखीचे एक गृहस्थ त्याच गाळ्यात आपली कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, लावून आलेत. मग मात्र गप्प बसणं पाप वाटायला लागलं.

आमची गाडी म्हणजे ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली जुनी कॅम्पर. रिटायर झाल्यावर घेतली. बायकोला इन्सुलिन आहे, न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, त्यामुळे गाडीतला फ्रिज आमच्यासाठी थंड पाण्याच्या हौसेचा नाही. आधीच्या मालकाने त्यात परदेशी फ्रिज बसवला होता. गॅसवर चालतो, बारा व्होल्टवर चालतो, घरच्या विजेवरही चालतो. दोन वर्षं काही तक्रार नव्हती.

यंदा एप्रिलमध्ये तो थंडच करेना. इंदूरला पारा ४२ वर, आणि फ्रिजमधला थर्मामीटर १८ दाखवत होता. महेश्वरला जायला आठ दिवस उरले होते. मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस पहिलं जे नाव कानावर पडेल त्याच्याकडे जातो. गणपती मंडळातल्या एकाने देवास नाक्याकडचा हा गाळा सांगितला. "आपलाच माणूस आहे, मराठी आहे." इथल्या मराठी माणसाला हे वाक्य ऐकून किती धीर येतो ते इथेच राहणाऱ्याला कळेल. आजोळ रामबागेत, आजी होळकरांच्या वेळच्या गोष्टी सांगायची, हे सगळं त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मला आत बसवून चहा दिला.

आणि मग तो क्षण. तो मी रोज रात्री पुन्हा पाहतो.

त्याने फ्रिजमागची जाळी काढली, टॉर्च मारला, एका काळ्या नळीवर पान्याने दोनदा टकटक केलं, हात पुसला आणि म्हणाला, "काका, कॉम्प्रेसर खलास. याचा गॅस इथे मिळत नाही. मिळाला तरी ४० हजार, आणि गॅरंटी शून्य."

त्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतोच! या जातीच्या फ्रिजमध्ये ज्योत किंवा हीटर अमोनियाचं पाणी तापवतो, वाफ वर जाते, हायड्रोजनच्या संगतीने थंडावा तयार होतो, द्रव खाली परत येतो. फिरणारा एकही भाग नाही, म्हणून तर तो रात्री आवाज करत नाही. १९२२ साली दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी शोधलेली ही पद्धत आहे. हे सगळं मॅन्युअलमध्ये आकृतीसकट दिलेलं आहे, ते मॅन्युअल मी गाडी घेतली तेव्हा वाचलं होतं आणि त्या क्षणी ते गाडीच्याच खणात, माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. मी मान डोलावली. "बरं, मग काय करायचं?" असं मीच विचारलं.

का विचारलं? माझ्या डोळ्यासमोर बायकोची पेनं होती. घाई होती. आणि समोरचा माणूस पाना हातात घेऊन इतक्या ठामपणे बोलत होता की आपलंच वाचलेलं आपल्याला खोटं वाटावं. तुमच्यावर वेळ येईल तेव्हा कळेल.

पुढे कळलं की फ्रिज बहुधा धडधाकटच होता. हे फ्रिज सपाटीवर उभे राहिले तरच नीट चालतात, कारण आतला द्रव आपल्या वजनानेच खाली उतरतो. आमची गाडी महिनाभर घरासमोरच्या उतारावर तिरकी उभी होती. तसाच फार दिवस चालवला तर तो कायमचा बिघडतोही, पण आधी गाडी सपाट उभी करून बर्नरची काजळी आणि जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्र) साफ करून बघायचं असतं. त्या उन्हात असे फ्रिज तसेही धापा टाकतात. एवढं सांगणारा माणूस पाचशे रुपयांत मोकळा झाला असता.

त्याने "घरगुती फ्रिजचं पॅकेज" सांगितलं. १९० लिटरचा नवा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला फ्रिज २१,०००. बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर १८,५००. २०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी ६२,०००. सुतारकाम, वायरिंग, फिटिंग १४,०००. जुना फ्रिज भंगार म्हणून ५,०००, ते वजा. कल्पना म्हणून यात खोट नाही, बरेच लोक असा बदल करतात आणि सुखाने फिरतात. हिशेबही बरोबर लागतो. १९० लिटरचा फ्रिज दिवसाला अर्धा युनिट खातो, आपल्या उन्हाळ्यात आणि इन्व्हर्टरची गळती धरून एक युनिट समजा. २०० ॲम्पिअरची लिथियम म्हणजे अडीच युनिट. "दोन दिवस आरामात," तो म्हणाला ते गणितात बसत होतं, म्हणूनच मला पटलं.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा बॅटरीची लोखंडी पेटी दोन पोरं धापा टाकत चढवत होती. त्या मापाची लिथियम पंचवीस किलोच्या आसपास भरते, एक माणूस उचलतो. मी म्हटलंही, "फार जड दिसतेय." तो हसला, "काका, जड आहे म्हणजे माल अस्सल." बॅटरी घेताना वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि पेटी उघडून दाखवायला सांगा. फ्रिजचा खोकाही आपल्यासमोर फोडायला लावा. मी गेलो तेव्हा फ्रिज आधीच बसवलेला होता, खोका "पोरांनी रद्दीत दिला".

निघालो. मानपूरच्या घाटात पहिल्याच वळणावर फ्रिजचं दार उघडलं आणि दह्याचं पातेलं बायकोच्या पायावर आलं. घरगुती फ्रिजच्या दाराला फक्त चुंबकाची पट्टी असते, चालत्या गाडीत वेगळी कडी लावावी लागते, ती लावलेलीच नव्हती. रात्री महेश्वरला नर्मदेच्या काठी थांबलो. फ्रिज सुरुवातीपासून घूं घूं करत होता, दोनच्या सुमारास बंद पडला. मागे हात लावला तर कॉम्प्रेसर चटका बसेल इतका तापलेला. गाडीत कुजक्या अंड्यासारखा वास येत होता, आम्ही म्हटलं बाहेरचा असेल. दुसऱ्या दुपारपर्यंत आत ३४ अंश. पाच पेनं टाकून दिली, ४,२०० रुपयांची.

भाचा पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याने रविवारी सगळं उघडलं. लिथियमचं स्टिकर लावलेल्या पेटीत जुनी १५० ॲम्पिअरची ॲसिडची बॅटरी. तो वास तिचा होता. चार्ज होताना असल्या बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजनही निघतो, आणि ती आमच्या पलंगाखाली बंद पेटीत ठेवली होती. इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्ह, तो कॉम्प्रेसरला मानवत नाही. फ्रिजमागचं लेबल नखाने सोललं तर खाली दुसरं निघालं, २०१९ सालचं.

हे सगळं पैशांचं नुकसान आहे, सोसलं असतं. पण भाच्याने शेवटी फ्रिज पुढे ओढला आणि मला म्हणाला, "मामा, हे बघा." जुन्या फ्रिजला जाणारी एलपीजीची नळी कापून, दुमडून, तिच्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली होती. बूच नाही, काही नाही. फक्त अलीकडचा एक कॉक बंद, तो बायकोच्या चपलांच्या कप्प्यात, पाय लागेल असा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आम्ही तिथेच, त्याच डब्यात दोन रात्री झोपलो होतो.

त्याच आठवड्यात भाच्याला जुन्या सामानाच्या जाहिरातींत आमचा फ्रिज दिसला. दारावर नातीने चिकटवलेलं मोराचं स्टिकर, उजवा कोपरा फाटलेला. "चालू स्थितीत, ७८,००० रुपये." भाच्याने गिऱ्हाईक म्हणून फोन लावला, रेकॉर्डिंग चालू ठेवून. आवाज त्याचाच. भाच्याने विचारलं, "कंप्रेसर ठीक है ना?" तो म्हणाला, "भिया, इसमें कंप्रेसर होता ही नहीं है. बस लेवल में खड़ा रखना."

हे रेकॉर्डिंग घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. वाटलं, आता काय उरलं सिद्ध करायचं? पहिल्या ठाण्यात सांगितलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, तुम्ही राहता तिथे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची, हे १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. मी कागद काढून दाखवला तर साहेब म्हणाले, "आप वकील हैं क्या?" तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. चौथ्या खेपेला अर्ज सापडत नव्हता. पाचव्या खेपेला निकाल मिळाला: तुम्ही पैसे खुशीने दिलेत, वस्तू मिळाली आहे, हा दिवाणी मामला, कोर्टात जा. न्याय संहितेत ३१८ कलम मग कशासाठी आहे? भंगार म्हणून ५,००० ला घेतलेला चालू फ्रिज ७८,००० ला विकायला काढणं याला फसवणूक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? बासष्टाव्या वर्षी मी त्या बाकावर एकूण अकरा तास बसलो. एका शिपायाने पाणी विचारलं, तेवढीच माणुसकी.

बँकेत गेलो, ज्या खुर्चीत मी स्वतः कधीकाळी बसलो होतो तसल्याच खुर्चीतल्या मुलीने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. एका हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार नवव्या दिवशी "समाधान झाले" म्हणून बंद झाली. मला एक फोनही न करता! समाधान कुणाचं झालं? कर विभागात बिल घेऊन गेलो तर ऑनलाइन टाका म्हणाले.

त्या बिलाबद्दल. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. मध्य प्रदेशचा २३. माझ्या बिलावर २७ होतं, म्हणजे महाराष्ट्र. देवास नाक्यावरच्या गाळ्याला महाराष्ट्राचा नंबर! पोर्टलवर टाकून बघितलं तर कुठल्या तरी कापडाच्या फर्मचं नाव आलं. पैसे देण्याआधी हे एक मिनिटाचं काम होतं. मी ते पैसे दिल्यावर ३९ दिवसांनी केलं.

आता ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करूनही सुरुवात करता येते. रोख दिलेल्या ५०,००० चा पुरावा माझ्याकडे फक्त बँकेतून काढल्याची नोंद, एवढाच आहे. रोख देऊ नका. चालू वस्तू भंगारात देण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि "आपला माणूस" असेल तर बिल दोनदा मागा.

ज्यांनी त्या बाजूला कुठेही गाडीतला गॅसचा फ्रिज काढून घरगुती बसवून घेतला असेल, त्यांनी आज गाडीत झोपण्याआधी सिलिंडर बंद करा, फ्रिज पुढे ओढा आणि नळीचं तोंड बघा. तिथे पितळी बूच दिसलं पाहिजे. बूच असेल तरच सिलिंडर उघडून साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर सिलिंडर लगेच बंद करून बाहेर काढा. काडी ओढू नका, लाइटचं बटण दाबू नका, दारं उघडा आणि बाहेर या.