फिडल लीफ फिग म्हणून नुसती पानं विकली

जुळे सोलापुरात दारोदार रोपं विकणाऱ्या एका टेम्पोवाल्याने आमच्या गल्लीत फिडल लीफ फिग, म्हणजे मोठ्या पानांचं शोभेचं झाड, म्हणून जे विकलं, ते झाड नव्हतंच. कुंडीमागे ४५० रुपये रोख, बिल नाही. "ताई, आफ्रिकेतलं झाड हाय, उन्हाला घाबरत न्हाई. अंगणात ठेवा, दोन वर्षांत माडीला लागंल," असं तो छातीठोकपणे सांगायचा.

कुंडीत तीन मोठी, गर्द हिरवी पानं उभी होती. पानं अस्सल होती, फसवणूक नेमकी तिथेच आहे. या झाडाचं पान देठासकट पाण्यात ठेवलं की त्याला मुळं फुटतात आणि ते कितीतरी महिने टवटवीत राहतं. पण देठाबरोबर खोडाचा डोळा आला नसेल, तर त्यातून कोंब कधीच येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांना हे सांगायला नको. डोळा नसलेली कांडी कोणी सरीत टाकत नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, नवीन पान काही येईना. फोन केला तर त्याने वर खताची पुडी गळ्यात मारली, मग नंबरच बंद. शेवटी सासऱ्यांनी कुंडी पालथी केली. कोकोपीट झटकलं तर तिन्ही देठ तपकिरी दोऱ्याने एकत्र आवळलेले, वरून एकच खोड वाटावं म्हणून. दोरा सोडला आणि पानं सुटी झाली. प्रत्येकाच्या टोकाला पांढऱ्या मुळांचा झुपका, खोडाचा कपचासुद्धा नाही. शेजारच्या काकूंच्या दोन्ही कुंड्यांत तेच निघालं. त्या एकट्या, पेन्शनवर घर चालवतात. मला जास्त संताप त्याचा आहे.

उन्हाचंही त्याने खोटंच सांगितलं. हे झाड पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या दमट जंगलांतलं, वड-पिंपळाच्या गोतातलं. उष्ण हवा त्याला मानवते. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठाक असते. शेडनेटखाली वाढलेलं रोप थेट त्या उन्हात ठेवलं की पानं करपतात. सकाळचं ऊन, दुपारी सावली आणि हळूहळू सवय, एवढं सांभाळलं तर ते बाहेर जगतं. जमिनीत लावायचं तर पावसाळ्याच्या तोंडाला, भिंतीपासून आणि पाण्याच्या हौदापासून लांब.

घेताना आधी शेंडा बघा. खऱ्या रोपाच्या टोकाला तपकिरी पापुद्र्यात गुंडाळलेला कोंब असतो आणि सगळी पानं खोडावरूनच फुटलेली असतात. पानांच्या बुडाशी माती उकरून बघू द्यायला विकणारा कां-कूं करत असेल तर पैसे देऊ नका. बिलही मागा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण आमच्या हातात विकणाऱ्याचं नाव-गाव सांगणारा कागदच नव्हता. तो टेम्पो आता विजापूर रोडकडे फिरतोय असं कानावर आलंय.