नऊ टक्के कुरकुमीनच्या नावाखाली १,०९,५०० रुपये

यावल-रावेर भागात केळीची बाग काढून हळद लावण्याचा विचार असणाऱ्यांनी हे वाचावे, कारण आमच्याकडे येऊन गेलेली माणसे सध्या चोपड्याकडे फिरत असल्याचे कळते. बेणे (लागवडीचे कंद) चढ्या भावाने विकायचे, खरेदीहमीचा करार करायचा आणि माल निघायच्या वेळी फोन बंद करायचा, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे, मलाही होता. तरीही १२० रुपये किलोने ८ क्विंटल बेण्याचे ९६,०००, नोंदणीचे ११,००० आणि तपासणी शुल्काचे २,५०० असे १,०९,५०० रुपये अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी त्यांनी माझ्याकडून नेले.

त्यांचा प्रतिनिधी थापाड्या वाटला असता तर त्याला ओसरीवर बसवलेच नसते. हळदीतले औषधी द्रव्य कुरकुमीन असून ते नुसते खाल्ल्याने अंगी फारसे लागत नाही, मिऱ्यातल्या पायपरीनसोबत जास्त लागते आणि म्हणून कंपन्यांना त्याचा अर्क हवा असतो, हे त्याने सांगितले. जखमेवरील हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने रद्द करून घेतले, हेही सांगितले. हे सगळे खरे आहे. खोटा होता तो एकच आकडा, त्यांच्या बेण्याच्या हळदीत ९ टक्के कुरकुमीन असल्याचा. वाळलेल्या हळदीत कुरकुमीन साधारण २ ते ५ टक्के असते आणि मेघालयातील लाकाडोंगसारख्या मोजक्या हळदीतच ते ७ च्या आसपास जाते.

त्याने बशीत चिमूटभर पूड घेतली, खिशातल्या बाटलीतून चार थेंब टाकले आणि पूड लालभडक झाली. "आबा, नऊ टक्क्यांशिवाय हा रंग येतच नाही," असे तो म्हणाला. बाटलीत चुन्याची निवळी होती! चुना किंवा सोडा लागला की कोणतीही हळद लाल होते, मग ती दोन टक्क्यांची असो वा सहाची. आई शेजारीच बसली होती आणि हे तर कुंकू झाले, असे ती म्हणालीदेखील; तो हसला, आम्हीही हसलो आणि त्यानंतर मी सही केली. टक्केवारी प्रयोगशाळेतच कळते. पूड स्वतः नेऊन द्या, विकणाऱ्याच्या हातची देऊ नका.

हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाल्यावर १,८०० रुपये भरून मी ती तपासून घेतली, तेव्हा कुरकुमीन २.८ टक्के निघाले. करारातील ४०० रुपये किलोचा भाव "किमान ९ टक्के" या अटीवर होता आणि अंतिम अहवाल खरेदीदाराचाच, असे मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापले होते. मागचे पान आधी वाचा.

कृषी कार्यालयात सांगितले की बेणे म्हणजे बियाणे नव्हे. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या व्याख्येत कंद स्पष्ट लिहिलेले आहेत, हे मी पान उघडून दाखवले, तेव्हा साहेबांनी पावतीवर जातीचे नाव नसल्याचे कारण काढले. जातीचे नाव व लेबल नसलेली पावती घेऊच नका, हे खरे. परंतु असा माल उघडपणे विकला जात असताना हे कार्यालय काय करत होते, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. पोलीस ठाण्यात तर ठाणे अंमलदाराने करार न वाचताच, "सही तुमचीच ना?" असे विचारले, जणू गुन्हा मीच केला होता. पैसे ऑनलाइन दिले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी रोख दिले होते, कारण रोखीत नोंदणीवर सवलत होती. ग्राहक आयोगाकडे आता अर्ज केला आहे. पोलिसांतील माझ्या तक्रारीवर शेरा आहे तो असा: "बाब दिवाणी स्वरूपाची, अर्जदारास समज देण्यात आली."